मोल्ड म्हणजे नक्की काय? बुरशी, साचा की माती?

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांच्या बेडरूमच्या भिंतीवर दर पावसाळ्यात काळे डाग येतात. यंदा त्यांनी अमेरिकेतल्या लेकीला फोटो पाठवला, ती म्हणाली आई हे मोल्ड आहे, ऑनलाइन मोल्डचा स्प्रे मिळतो तो मागव. काकूंनी मोबाइलवर शोधलं, मोल्ड पण लिहिलंय आणि स्प्रे पण लिहिलंय असा डबा दिसला, मागवला आणि अख्ख्या भिंतीवर दोनदा मारला. आठवड्याने मला वर बोलावलं, "अरे बघ ना, डाग आहेत तिथेच आहेत आणि भिंत नुसती तुळतुळीत झालीय." डबा बघितल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, कारण तसला डबा मी रोज हाताळतो. मी भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथे, कामाला आहे. तो मोल्ड रिलीज स्प्रे होता, म्हणजे प्लास्टिकचा पार्ट साच्याला चिकटून बसू नये म्हणून साच्याच्या आतून मारायचं सिलिकॉन. बुरशीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

काकूंना मी अजिबात दोष देत नाही. हा शब्दच तसा आहे. कंपनीत मोल्ड म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर दोन-अडीच टनाचं स्टील येतं, काकूंच्या लेकीसमोर भिंतीवरचा काळा डाग येतो आणि बागकामाचे व्हिडिओ बघणाऱ्यासमोर कुंडीतली माती येते. आता मोबाइल घरोघरी आहे, औषधाच्या बाटलीपासून मशीनच्या मॅन्युअलपर्यंत सगळं आपण भाषांतर करून वाचतो, आणि ह्या एका शब्दापाशी गाडी हमखास घसरते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

एका शब्दाचे तीन अर्थ नाहीत, तीन वेगळे शब्द आहेत

ही गोष्ट कळली की निम्मा गोंधळ मिटतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. "नाव काय तुझं" मधलं नाव आणि "नदीत नाव" मधली नाव. पहिलं आलं संस्कृत नाम वरून, दुसरी आली नौ वरून, नातं काहीच नाही, पण घासून घासून दोन्ही सारखे झाले. जुन्या पुस्तकात पहिलं नाव डोक्यावर टिंब देऊन "नांव" असं छापलेलं दिसेल, 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती न उच्चारली जाणारी टिंबं गेली आणि लिहिण्यातला फरकही गेला.

इंग्रजीत मोल्डचं अगदी हेच झालंय, फक्त तिथे दोन नाही तीन शब्द एकमेकांवर येऊन आदळलेत. साचा ह्या अर्थाचा मोल्ड लॅटिनमधल्या मोड्युलस वरून फ्रेंचमार्गे आला, मोड्युलस म्हणजे छोटं माप, आपण वापरतो ते मॉडेल आणि मॉड्यूल हे त्याचेच भाऊबंद. माती ह्या अर्थाचा मोल्ड जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा शब्द, त्याच्या मुळाशी दळणं आहे, म्हणजे दळल्यासारखी भुसभुशीत माती, आणि पिठाच्या गिरणीला जो मिल शब्द आहे तो त्याच मुळाचा. बुरशीवाला मोल्ड तिसराच, एका जुन्या क्रियापदावरून आलेला, ज्याचा अर्थच मुळी बुरसणं.

आता तुम्ही म्हणाल की ब्रिटिश एक स्पेलिंग करतात आणि अमेरिकन दुसरं, मग त्यावरून अर्थ कळत असेल. नाही कळत. ब्रिटिश लोक तिन्हीला यू घालतात आणि अमेरिकन तिन्हीतून काढतात, त्यामुळे स्पेलिंगवरून फक्त लिहिणारा कुठला ते समजतं. आणि आपण तर देवनागरीत सरळ "मोल्ड" लिहितो, तेवढीही खूण राहत नाही.

साच्याचा मोल्ड

मोदकाचा साचा सगळ्यांना माहीत आहे. दोन पाकळ्या मिटायच्या, खालून पीठ-सारण भरायचं, पाकळ्या उघडल्या की मोदक. इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे हेच, फक्त पीठाच्या जागी वितळलेलं प्लास्टिक आणि बोटाच्या जागी मशीनचा दाब. प्लास्टिकचा दाणा 200 ते 250 डिग्रीला पातळ करायचा, मिटलेल्या साच्यात दाबाने ढकलायचा, साच्यातून पाणी फिरवून थंड करायचं, साचा उघडायचा, पार्ट बाहेर. साच्याच्या ज्या बाजूने पार्टला बाहेरचा आकार येतो ती कॅव्हिटी, आतला आकार देते ती कोअर. घरातली बादली उलटी करून बघा, बहुतेक बादल्यांच्या बुडाला मधोमध एक छोटा टिपका असतो, तिथून प्लास्टिक आत शिरलेलं असतं. आणि एखाद्या खेळण्यावर किंवा मगच्या कानावर बोट फिरवलं की एक बारीक रेघ लागते, ती साच्याची दोन तोंडं जिथे मिटली तिथली.

कोल्हापूरच्या फौंड्रीत मात्र मोल्ड वेगळा. तिथे पेटीत ओलसर वाळू ठोकून ठोकून बसवतात, त्यात लाकडाच्या किंवा धातूच्या पॅटर्नचा, म्हणजे हव्या त्या वस्तूच्या आकाराच्या नमुन्याचा, ठसा घेतात, पॅटर्न काढून घेतात आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. रस गोठला की वाळू फोडायची, म्हणजे प्रत्येक कास्टिंगला मोल्ड नवा आणि एकदाच वापरायचा. ती वाळू एकमेकींना धरून राहावी म्हणून तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळतात. आमचा स्टीलचा मोल्ड नीट सांभाळला तर लाखो पार्ट देतो, त्यांचा वाळूचा मोल्ड एक पार्ट देऊन संपतो, पण शब्द एकच. गणपतीचे कारखानदार साचा म्हणतात तोही ह्याच घराण्यातला, ह्यावर जास्त सांगायची गरज नाही.

मातीचा मोल्ड

हा अर्थ आता इंग्रजीतही मागे पडलाय, एकटा फारसा भेटत नाही, जोडशब्दात भेटतो. नांगराला माती पलटवणारा जो वाकडा पत्रा असतो त्याला मोल्डबोर्ड म्हणतात, म्हणजे मातीची फळी, साच्याची नाही आणि बुरशीची तर नाहीच. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर काढला तो ह्याच प्रकारचा, माती पलटवणारा.

दुसरा जोडशब्द लीफ मोल्ड, आणि हा भलता फसवा आहे. बागकामात लीफ मोल्ड म्हणजे वाळका पाला वर्ष-दोन वर्षं कुजवून झालेलं काळं, हलकं, पाणी धरून ठेवणारं खत. कुंडीला उत्तम. पण टोमॅटोवर एक रोग येतो, पानाच्या वरच्या बाजूला पिवळट ठिपके आणि खालच्या बाजूला हिरवट-तपकिरी मखमल, पॉलिहाउसमध्ये दमट हवा झाली की जास्त येतो, त्याचंही नाव लीफ मोल्ड. म्हणजे टोमॅटोला लीफ मोल्ड घाला असा एक सल्ला आणि टोमॅटोचा लीफ मोल्ड आवरा असा दुसरा सल्ला, आणि दोन्ही बरोबर. गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्या माणसाने काय समजायचं सांगा. त्यात आणखी गुंता असा की पाल्याचं ते खत तयार होतं मुख्यतः बुरशीमुळेच.

बुरशीचा मोल्ड

आता मुख्य विषय, कारण घराघरात छळतो तो हा. मराठीत आपल्याकडे शब्दांची कमी नाही, लोणच्यावर बुरा येतो, भाकरीला बुरशी धरते, चपला बुरसतात, आणि जुनाट विचारांनासुद्धा आपण बुरसटलेले म्हणतो. शाळेच्या पुस्तकात कवक. मशरूम, अळंबी, यीस्ट हे सगळे त्याच मोठ्या कुटुंबातले, आणि त्यातले जे बारीक तंतू पसरून कापसासारखे किंवा मखमलीसारखे वाढतात त्यांना इंग्रजीत मोल्ड म्हणतात.

बुरशी ही वनस्पती नाही आणि प्राणीही नाही, तिचं स्वतंत्र घराणं आहे. ती उन्हावर अन्न बनवत नाही, ज्याच्यावर वाढते त्यालाच बाहेरून पाचक रस सोडून विरघळवते आणि शोषून घेते. म्हणून भिंतीवर वाढायला तिला भिंत लागत नाही, भिंतीवरचा रंग, कागद, लाकडाचा भुसा, साचलेली धूळ असलं काहीतरी खायला लागतं आणि मुख्य म्हणजे पाणी. तिचं बी हवेत सगळीकडे असतं, त्याला बीजाणू म्हणतात, इतकं बारीक की एकटं डोळ्याला दिसत नाही. तुम्ही वाचताय त्या खोलीतसुद्धा आत्ता आहे. पेरायला कोणी लागत नाही, ओल मिळाली की रुजतं. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासात सुकवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, हा आकडा लक्षात ठेवा. आणि खोलीतला दमटपणा 60 टक्क्यांच्या खाली असला तर तिला अवघड जातं, आता पुण्या-मुंबईच्या जुलैत 60 टक्के हे स्वप्नच आहे हे मला मान्य, तरी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवणं, ओले कपडे बेडरूममध्ये न वाळवणं, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवणं एवढं आपल्या हातात असतंच.

काळी आहे म्हणजे विषारी का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्याच्यामागे 2021 ची भीती आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसच्या बातम्या आल्या, पेपरवाल्यांनी त्याला काळी बुरशी म्हटलं आणि आपल्या महाराष्ट्रात तेव्हा त्याचे खूप पेशंट होते, लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. पण त्या आजारातली बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, रक्तपुरवठा तुटतो, तिथलं मांस मरतं आणि मेलेलं मांस काळं पडतं. ती धरली मुख्यतः कंट्रोलमध्ये नसलेला डायबेटिस आणि भरपूर स्टिरॉइड झालेल्या लोकांना. भिंतीवरचा काळा डाग बघून "हीच ती" असं समजू नका.

परदेशी व्हिडिओत ज्याला ब्लॅक मोल्ड म्हणतात तो अजून वेगळा, स्टॅकिबॉट्रिस नावाची बुरशी, सतत ओल्या राहिलेल्या कागद-पुठ्ठ्यावर वाढणारी. पण काळ्या रंगाच्या बुरशी ढिगाने आहेत, रंगावरून जात ओळखता येत नाही आणि घातक आहे की नाही तेही ठरत नाही. ह्याचा अर्थ दुर्लक्ष करा असा मात्र मुळीच नाही. कुठल्याही रंगाची असो, दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्याला, लहान बाळाला, केमो चालू असणाऱ्याला घरातली बुरशी त्रास देते. रंग कुठलाही असला तरी काढायची, एवढंच.

वरून रंग मारला, ब्लीच मारलं तर?

रंग मारून काही होत नाही. ओल आतून येते, बुरशी नव्या रंगावर पुन्हा उगवते किंवा रंगाचे पापुद्रे सुटतात, दोन पावसाळ्यात पुन्हा पेंटर. ब्लीचचं म्हणाल तर टाइल्ससारख्या घट्ट पृष्ठभागावर ठीक, पण प्लास्टर-लाकडात ते खोलवर जात नाही, आणि मुद्दा असा की मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी करते, त्यामुळे नुसती मारून उपयोग नाही, ती पुसून काढावी लागते. आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये, खास करून अमोनिया किंवा ॲसिडवाल्यात, चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे का, बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे का, वर गच्चीवर पाणी साचतं का. ते बंद झालं की साबणाच्या पाण्याने घासायचं, मास्क आणि हातमोजे घालून, आणि कोरडं करायचं. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटाच्या आत असेल तर घरच्या घरी होतं, त्याहून मोठा असेल तर माणूस बोलवावा.

आणखी एक, भिंतीवर पांढरं पीठ दिसलं की ती बुरशीच असं नाही. बरेचदा तो लोणा असतो, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकलेले. थेंबभर पाणी लावून बघा, लोणा विरघळतो, बुरशी नुसती ओली होऊन चपटी होते. ओल दोन्हीचं कारण, पण लोण्याला बुरशीचं औषध मारलं तर पैसे वाया.

ब्रेडचा तेवढा कोपरा कापून टाकला तर चालेल ना?

नाही चालत. दिसतो तो हिरवा ठिपका म्हणजे तिचं फळ म्हणा हवं तर, तंतू आत आधीच पसरलेले असतात. ब्रेड, शिजलेला भात, जॅम, दही असलं मऊ किंवा ओलं काही असेल तर सगळं टाका. गाजर, कोबी, कडक चीज अशा घट्ट वस्तूत तंतू पटकन आत जात नाहीत, तिथे डागाच्या भोवती आणि खाली इंचभर कापून बाकीचं वापरता येतं. लोणच्यावर आजी तेलाचा थर का उभा ठेवायची ते आता कळेल, बुरशीला वाढायला हवा लागते आणि तेल ती अडवतं.

शेंगदाणे आणि मक्याच्या बाबतीत मात्र हात जोडून सांगतो, बुरसलेला दाणा "भाजून घेऊ, काही होत नाही" म्हणून वापरू नका. त्यावर वाढणारी ॲस्परजिलस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृतावर जातं आणि घरच्या भाजण्या-उकळण्याने नष्ट होत नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरसलेला मका खाऊन शंभरच्या वर माणसं गेली. कडू लागलेला दाणा थुंकायचा, गिळायचा नाही.

नावात मोल्ड, पण बुरशी नाही

स्लाइम मोल्ड नावाचा पिवळा, चिकट, हळूहळू सरकणारा जीव असतो, पावसात कुजक्या लाकडावर दिसतो. ही बुरशी नाही, जवळची नातेवाईकही नाही. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोच्या आसपासच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवून ह्याला सोडलं, तर त्याने दाणे जोडणारं जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंचसं जुळलं. मेंदू नसलेला जीव.

वॉटर मोल्ड हा दुसरा, आणि ह्याचा संबंध थेट आपल्या द्राक्षबागायतदारांशी आहे. नाशिक-सांगलीकडे द्राक्षावर डाऊनी आणि भुरी हे दोन्ही रोग येतात, बोलताना आपण दोन्हीला बुरशीच म्हणतो. भुरी ही खरी बुरशी. डाऊनी हा वॉटर मोल्ड, दिसायला बुरशीसारखा पण शरीराची बांधणी वेगळी, खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची म्हणजे किड्यांच्या टरफलाच्या पदार्थाची असते, ह्याची असते सेल्युलोजची, म्हणजे झाडांच्या पेशीत असतो त्या पदार्थाची. औषधही वेगळं लागतं, गंधक भुरीवर चालतं आणि डाऊनीवर चालत नाही. बाटलीवर बुरशीनाशक लिहिलंय म्हणून दोन्हीला चालेल असं धरलं तर बाग जाते.

मग बुरशी वाईटच का?

मुळीच नाही. 1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून आले आणि जंतू वाढवलेल्या एका बशीत बुरशी पडलेली दिसली, तिच्या आजूबाजूचे जंतू मेलेले. त्या रसाला सुरुवातीला ते चक्क मोल्ड ज्यूस म्हणायचे, पेनिसिलिन हे नाव नंतर दिलं. पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी त्याचं औषध केलं आणि 1945 चं नोबेल तिघांना मिळालं.

आणि इथे मला माझ्या गावाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आपली एचए कंपनी, देशातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना, म्हणजे बुरशी मुद्दाम टाक्यांमध्ये वाढवायची जागा. तिथल्याच शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हमायसिन नावाचं औषध शोधलं, बुरशीच्या आजारांवरचं. नावातला "ह" आणि "अ" कंपनीचा. ते ज्या जीवाणूपासून मिळतं तो पिंपरीच्याच मातीत सापडला आणि त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. बुरशीपासून जंतूंवरचं औषध आणि मातीपासून बुरशीवरचं औषध, दोन्ही एकाच कंपाउंडच्या आत, आणि तिथून थोड्याच अंतरावर भोसरीत आम्ही स्टीलचे मोल्ड बनवत बसलोय. तिन्ही मोल्ड एकाच गावात. रोज ह्या रस्त्याने कामाला जाताना मला ह्याचं फार अप्रूप वाटतं.

वाचताना ओळखायचं कसं

आजूबाजूचे शब्द बघायचे. मोल्ड कशाच्या तरी वर आहे, भिंतीवर, ब्रेडवर, पानावर, तर बुरशी. मोल्डच्या आत काही ओततायत, भरतायत, दाबतायत, तर साचा. पाला, कुंडी, नांगर आला तर माती, फक्त त्यात रोग, ठिपके, फवारणी असले शब्द दिसले की परत बुरशी. साचे मोजता येतात, एक मोल्ड, चार मोल्ड, बुरशी आपण अशी मोजत नाही. मोल्डी म्हटलं की बुरसलेलंच. आणि खरेदी करताना रिलीज म्हणजे साच्यातून पार्ट सुटायला, रिमूव्हर किंवा क्लीनर म्हणजे बहुतेक वेळा बुरशी काढायला, तरी डब्यावर भिंत किंवा टाइल्सचं चित्र आहे की मशीनचं ते बघा, कारण साचे साफ करायचाही मोल्ड क्लीनर मिळतो.

काकूंच्या भिंतीचं काय झालं विचाराल, तर सिलिकॉनवर रंग धरत नाही, फोड येतात, म्हणून तेवढ्या भागाची पुट्टी खरवडून काढावी लागली. खरवडताना ओल कुठे जास्त आहे ते आपोआप दिसलं, बाथरूमच्या नळाच्या उंचीवर. प्लंबरने आतला जोड बदललाय, भिंत सध्या तशीच उघडी ठेवलीय, दिवाळीच्या आधी पूर्ण सुकली की मग रंग.